पिशवीतला कोंब आणि त्याचा देठ
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



दर महिन्याच्या सभेत आपण कधी पाककृती ऐकतो, कधी विणकामाचे टाके शिकतो, कधी कोणाच्या यात्रेचा वृत्तांत ऐकतो. आज चिटणीस ताईंनी मला दुखण्यावर बोलावयास सांगितले आहे. विषय थोडा संकोचाचा आहे. सभेला पुरुषमंडळी नसतात म्हणूनच मी होकार दिला. पुढे भाषण स्मरणिकेत छापावयाचे ठरले, तेव्हा मी जरा मागेपुढे पाहिले. पण आमचे हेच म्हणाले, "छापू दे. घरातल्या पुरुषांनी वाचले तर बरेच होईल, बायको दवाखान्यात जाऊन काय सांगते ते त्यांना निदान समजेल."

मी डॉक्टरीण नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. जे सांगणार आहे ते काही माझ्या शरीराने मला शिकविले, आणि बाकीचे ज्या डॉक्टरीणबाईंनी मला बरे केले त्यांना प्रश्न विचारून विचारून कळले. माझी भाची परिचारिकेचे शिक्षण घेते. तिने हा मजकूर दोनदा तपासून दिला आहे.

गर्भाशयाला आपण बायका पिशवी म्हणतो, तोच शब्द मी वापरते. या पिशवीला आतून एक मऊ अस्तर असते. ते दर महिन्याला वाढते आणि पाळीच्या वेळी गळून पडते. कधी कधी या अस्तराचा एखादा भाग प्रमाणाबाहेर वाढतो आणि गळून न पडता तेथेच लोंबत राहतो. मांडवाला तोंडले लटकावे तसा. याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. मराठीत कोणी मांसांकुर म्हणते, कोणी मस म्हणते. मला कोंब हा शब्द सोपा वाटतो. तो तिळाएवढा असू शकतो, आणि लिंबाएवढाही होऊ शकतो. कधी एकच असतो, कधी दोन-चार. कधी बारीक देठावर लोंबतो, कधी रुंद बुडावर बसलेला असतो.

आता यातली मुख्य गोष्ट सांगते. कोणतीही वाढ रक्तावाचून जगत नाही. या कोंबाच्या देठातून एक रक्तवाहिनी आत गेलेली असते, बहुधा एकच, आणि तीच त्याला पोसते. आमच्या जुन्या वाड्यात एका बिऱ्हाडकरूने सार्वजनिक नळाच्या पाइपाला गुपचूप एक नळी जोडून घेतली होती. सगळ्यांचे पाणी कमी झाले तेव्हा मालकांनी पाइप चाचपत चाचपत ती जोडणी शोधून काढली. कोंबाचे तसेच आहे. त्याची जोडणी सापडली म्हणजे तो काय आहे हे कळते, आणि ती मुळाशी बंद केली म्हणजे तो निघतो. त्यासाठी सगळा वाडा पाडावा लागत नाही.

वाडा पाडण्याचा सल्ला मला मिळाला होता, म्हणून हे बोलते.

मला चव्वेचाळिसावे वर्ष लागले तेव्हा पाळी वीस-बावीस दिवसांनी येऊ लागली, आणि दोन पाळ्यांच्या मध्येही डाग दिसू लागले. सासूबाई म्हणाल्या, पाळी जावयाचे वय आले, असे होतेच. शेजारच्या वहिनींनी शेवग्याचा पाला आणून दिला. लोखंडी कढईत भाज्या केल्या, गूळ-शेंगदाणे खाल्ले. पण जिना चढताना धाप लागू लागली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.२ निघाले. बाईचे ते १२ च्या खाली गेले की डॉक्टर रक्त कमी आहे असे म्हणतात. त्यात माझेच काही विशेष नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्त कमी असलेल्या निघाल्या.

एका दवाखान्यात गेले. नाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. सोनोग्राफी झाली. कागदावर अस्तर जाड आहे असे इंग्रजीत लिहून आले. तेथल्या डॉक्टरांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिले नाही, आणि म्हणाले, "पिशवी काढून टाकू. पुढच्या आठवड्यात या." मी विचारले, कशासाठी? तर म्हणाले, "मुले झाली ना? आता ठेवून काय करायची? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?"

कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर बाईच्या तोंडून दुसरा प्रश्न निघत नाही. माझ्याही निघाला नाही. पण घरी आल्यावर यजमानांनी आणि मी ठरविले की आणखी एका जाणत्या माणसाला विचारल्यावाचून तारीख घ्यायची नाही. साडी घेताना आपण लक्ष्मी रोडवरची चार दुकाने पालथी घालतो. मग पोट कापून घेण्यासाठी दोन दारे हिंडली तर काय बिघडले?

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी मला पाळी संपल्यावर, सहाव्या दिवशी, पुन्हा सोनोग्राफीला बोलाविले. दिवसाचे कारणही सांगितले. पाळीच्या आधी अस्तर मुळातच जाड झालेले असते आणि त्यात कोंब लपतो. पाळी झाल्यावर ते पातळ होते, तेव्हा आत काही लोंबत असेल तर उठून दिसते. पहिली सोनोग्राफी कोणत्या दिवशी झाली हे मला कोणी विचारलेही नव्हते. मैत्रिणींनो, एवढे तरी घरी लिहून ठेवा.

ही तपासणी पोटावरून न करता आतून करतात. लाज वाटते, खोटे कशाला सांगू! पण दुखत नाही, आणि पिशवी जवळून दिसते. लग्न न झालेल्या मुलींची तपासणी पोटावरूनच करतात, तेव्हा त्यांनी घाबरू नये.

मग त्यांनी यंत्राचे एक बटण दाबले आणि काळ्या-पांढऱ्या चित्रावर रंग आले. याला कलर डॉपलर म्हणतात. शिवाजीनगर स्टेशनवर आपण उभ्या असताना न थांबणारी गाडी भोंगा देत येते. येताना तो आवाज चढा वाटतो आणि पुढे गेली की एकदम उतरतो. भोंगा तोच, पण गाडीच्या हालचालीने ऐकणाऱ्याला फरक पडतो. डॉपलर नावाच्या ऑस्ट्रियन पंडिताने हे तत्त्व १८४२ साली प्राग येथे मांडले, तेही आकाशातल्या ताऱ्यांच्या रंगांविषयी बोलताना. सोनोग्राफीचे यंत्र आवाजाच्या लाटा सोडते. त्या वाहत्या रक्तावर आपटून परत येतात, आणि फरकावरून रक्त कोणीकडे धावते आहे हे यंत्राला कळते. यंत्राच्या दांडीकडे येणारे रक्त बहुधा लाल दाखवितात आणि दूर जाणारे निळे. मला वाटले होते लाल म्हणजे शुद्ध आणि निळे म्हणजे अशुद्ध. तसे नाही, ती केवळ दिशेची खूण आहे.

पडद्यावर मला करड्या रंगात एक पांढरट बी दिसले, आणि त्याच्या बुडातून आत शिरणारा एकच लाल दोरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा त्याचा देठ. एकच रक्तवाहिनी आत शिरते आहे म्हणजे हा बहुतेक पॉलिप." पिशवीत दुसऱ्याही गाठी होतात. फायब्रॉइडची गाठ अस्तराची नसते, ती पिशवीच्या मांसाची असते, आणि तिला रक्त बहुधा कडेकडेने, कुंपणासारखे वेढून असते. दोन्हींत रक्तस्राव होतो, पण उपचार निराळे. म्हणून रक्त कोठून येते हे पाहणे महत्त्वाचे. मात्र रंगावर सर्वस्वी विसंबून चालत नाही, हेही त्यांनी सांगितले. लहान कोंबात कधी कधी दोरा दिसतच नाही. मग पिशवीत थोडे मिठाचे निर्जंतुक पाणी सोडून पुन्हा पाहतात. पाण्याने पिशवी फुगते आणि कोंब मोकळा दिसतो. शेवटचा शब्द मात्र दुर्बिणीचा आणि काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा.

माझा कोंब १६ मिलिमीटरचा होता. मोठ्या शेंगदाण्याएवढा म्हणा. एवढ्याशा वस्तूने मला वर्षभर दमविले होते.

आपल्याकडे पूर्वी अशा वेळी पिशवी साफ करीत, ज्याला आपण क्युरेटिंग म्हणतो. अजूनही काही ठिकाणी करतात. त्यात आत काही दिसत नाही, हाताच्या अंदाजाने खरवडतात. लोंबता कोंब त्या अवजाराच्या बाजूने सटकतो आणि तेथेच राहतो. ओट्यावरच्या निसटत्या साबणासारखा. बाईला वाटते साफ झाले, आणि दोन महिन्यांनी रक्त सुरूच.

म्हणून दुर्बीण. सुमारे ३ ते ५ मिलिमीटर जाडीची नळी, तिला दिवा आणि कॅमेरा. ती खालूनच आत घालतात, पोटावर एक टाकाही पडत नाही. ही कल्पना नवी नाही. १८६९ साली पँटालिओनी नावाच्या डॉक्टराने पाळी गेल्यानंतर रक्त जाणाऱ्या साठ वर्षांच्या एका बाईच्या पिशवीत नळी घालून पाहिले, तर आत असाच कोंब दिसला, आणि त्याने तो औषधी क्षाराने जाळला. दुर्बिणीने पिशवीत पाहिल्याची ती पहिली नोंद मानतात. आपल्या सुश्रुतानेही योनीत होणारे छत्रीसारखे, रक्त गळणारे कोंब वर्णिले आहेत, आणि अशा मांसांकुरांना औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. आजची दुर्बीण यातले शेवटचे दोन एका वेळी करते. शस्त्राने देठ कापते आणि विजेच्या उष्णतेने रक्तवाहिनीचे तोंड बंद करते.

मला त्या दिवशी सकाळी उपाशी बोलाविले, थोडी भूल दिली. पिशवी पाण्याने फुगवून, देठ अगदी बुडाशी कापून कोंब बाहेर काढला. बुडाशी कापणे हेच यातले कौशल्य. मूळ राहिले तर त्याची नळीही राहते आणि कोंब पुन्हा धरतो. रक्त फार जात नाही, कारण रक्तवाहिनी लहान असते आणि पिशवीचे मांस आकसले की ती दाबली जाते. संध्याकाळी घरी आले. दुसऱ्या दिवशी पोळ्या मी केल्या. सासूबाई रागावल्या ते निराळे.

पिशवीच्या तोंडाशी होणारा कोंब याहून सोपा. तो तपासताना डोळ्यांनाच दिसतो. चिमट्याने धरून गोल गोल पिळतात. पिळल्याने देठातली रक्तवाहिनी आपोआप वळून बंद होते आणि कोंब सुटून येतो. पुष्कळदा भूलही लागत नाही.

काढलेला तुकडा तपासणीला पाठविलाच पाहिजे. तो कोठे पाठविला, अहवाल केव्हा मिळेल, हे विचारा आणि अहवाल हातात घ्या. हे कोंब बहुतेक निरुपद्रवी असतात. शंभरांत थोड्यांतच कॅन्सर किंवा त्याची सुरुवात सापडते. पाळी गेल्यानंतर ज्यांना रक्त जाते त्यांच्यात हे प्रमाण अधिक. तेव्हा "कॅन्सर होईल" हा धाक जितका खोटा, तितकेच "काही होत नाही" म्हणून बसणेही धोक्याचे. पाळी जाऊन एक वर्ष लोटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी दाखवायचे, हे येथे बसलेल्या सर्व आज्यांना सांगते. ज्यांना स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे त्यांनी तर विशेष लक्ष ठेवावे, त्या गोळीने असे कोंब होण्याचा संभव वाढतो. माझा अहवाल चांगला आला. लोहाच्या गोळ्या घेऊन तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११.८ झाले.

आता माझी गोष्ट सोडून दुसरीकडची सांगते, कारण माझ्याजवळ दुसऱ्या दाराला जाण्यापुरते पैसे होते आणि रिक्षाही होती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या बायकांविषयी आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. दसरा-दिवाळीनंतर ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात येतात, आपल्या पुणे जिल्ह्यातही येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस काम चुकले की खाडा लागतो. अशा बाईला पाळीचा त्रास म्हणजे दंडच. २०१९ साली शासनाने नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. त्यांत कितीतरी तरुण होत्या. पांढरे जाणे, पोटात दुखणे, जास्त रक्त जाणे, असल्या तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, आणि अनेकींनी सांगितले की त्यांना कॅन्सरची भीती घातली गेली. या सगळ्यांना कोंबच होता असे मी म्हणत नाही. पण मला जे पहिल्या दारात ऐकावे लागले तेच शब्द त्यांनाही ऐकावे लागले, एवढे मात्र खरे. आपल्या चहात पडते ती साखर या बायकांच्या हातची आहे.

पुढे बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घातले गेले. दुसऱ्या राज्यांतल्या अशाच प्रकारांवर सर्वोच्च न्यायालयापुढे खटला चालला, आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना तीन महिन्यांत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्यास सांगितले. कागदावर चांगले झाले. दवाखान्यातल्या स्टुलावर मात्र बाई एकटीच बसलेली असते.

पिशवी कधीच काढू नये असा अर्थ कोणी घेऊ नका. कॅन्सर असला, फायब्रॉइड फार मोठे असले, रक्त कशानेच थांबत नसले, अंग बाहेर येत असले, तर काढावी लागते, आणि त्या बायका पुढे सुखाने राहतात. आपल्यात बसलेल्या दोघी-तिघी आहेत. पण कारण असावे, आणि ते बाईला समजेल अशा शब्दांत सांगितलेले असावे. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर त्याच दिवशी पाळी गेल्यासारखे होते. अंगातून वाफा येतात, हाडे लवकर ठिसूळ होतात. ऊस तोडणाऱ्या तिशीतल्या बाईच्या हाडांचे काय होत असेल, मला विचारवत नाही.

आणखी एक मनात आहे. आपल्या पुण्याला या बाबतीत लाजण्यासारखे काही नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरीण झाल्या त्या बायकांना बाईकडूनच तपासून घेता यावे म्हणून, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी या पुण्यातच त्या वारल्या. पाळी मोजावयालाही ज्यांना सवड मिळाली नाही अशा बायकांसाठी रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने परिचारिका तयार केल्या. डॉ. बानू कोयाजी १९४४ पासून के. ई. एम. रुग्णालयात बायकांची सेवा करीत राहिल्या. एवढ्या जणींनी दार उघडून ठेवल्यावर आपण उंबऱ्यावर का थांबावे?

भाषण संपल्यावर काही प्रश्न आले. त्यांतले तीन येथे देते.

एका वहिनींनी विचारले, औषधाने कोंब विरघळतो का? गोळ्यांनी रक्तस्राव काही काळ कमी होतो, पण गोळ्यांनी कोंब जाईलच असा भरवसा नाही. मात्र एक सेंटिमीटरहून लहान आणि त्रास न देणारे काही कोंब आपोआप जातात. म्हणून पाळी चालू असलेल्या बाईला तसा कोंब सापडला तर डॉक्टर काही महिने थांबून पुन्हा सोनोग्राफी करावयास सांगू शकतात. ती टाळाटाळ नव्हे.

एका ताईंनी विचारले, काढल्यावर परत होतो का? होऊ शकतो. मला वर्षाने दाखवावयास सांगितले आहे, आणि मी जाणार आहे.

मागच्या रांगेतल्या काकूंनी जरा हळूच विचारले, "डॉक्टरांना उलट विचारले तर रागावत नाहीत का?" काही रागावतात. काकू, तुम्ही भाजीवाल्याला तीनदा भाव विचारता तेव्हा तोही रागावतो. विचारावयाचे ते मी येथे लिहून देते, कागद कापून पर्समध्ये ठेवा. माझ्या पिशवीत नक्की काय आहे, आणि ते अस्तराचे आहे की मांसाचे? रंगीत सोनोग्राफीत रक्तपुरवठा पाहिला का? एवढाच भाग दुर्बिणीने काढता येईल का, आणि येत नसेल तर का? काढलेला तुकडा तपासणीला जाईल का? उत्तर मराठीत मागा. ज्यांना सोबतीला कोणी नाही त्यांनी मला निरोप द्यावा. गुरुवारी दुपारी मी मोकळी असते, बरोबर येईन.